लाल शेवाळ

सवरिमुत्तूचा उजवा कान तुतिकोरिनच्या समुद्राने नेला. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि शंख काढायला बारा वाव खाली जात होता. एका सकाळी वर येताना घाई केली, कानात काहीतरी फाटलं, आणि होडीत चढल्यावर त्याला एकाच बाजूची माणसं बोलताना ऐकू यायला लागली. कान गेलेल्या पाणबुड्याला किनाऱ्यावर काम नसतं. जाळी विणायला म्हातारे बसलेले असतात आणि मासळी विकायला बायका. त्याची बायको जसिंता म्हणाली, मद्रासला जाऊ, तिथे बहिऱ्याचंही निभतं, कारण तिथे सगळेच ओरडून बोलतात.

मद्रासला येऊन तो कोळत्तूरच्या शोभेच्या माशांच्या बाजारात पाण्याने फुगलेल्या पिशव्या उचलायला लागला. खाऱ्या पाण्याच्या टाक्या त्याने तिथे पहिल्यांदा पाहिल्या. ज्या पोवळ्यांवर तो आयुष्यभर पाय वाचवत चालला होता, ती इथे काचेत ठेवलेली आणि वर निळा दिवा लावलेला. पहिले दोन दिवस त्याला हसू येत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने दुकानदाराला सांगितलं की कोपऱ्यातलं ते रुसून मिटलंय, त्याला प्रवाह कमी करून द्या. दुकानदाराने ऐकलं, पोवळं उघडलं, आणि सवरीचं नशीबही थोडंसं उघडलं. पंधरा वर्षांत पंचवीसेक घरांच्या खाऱ्या टाक्या त्याच्या हाताखाली आल्या.

लोकांना वाटतं, टाकीवाल्याचं काम माशांचं. काम असतं शेवाळाचं. मासा आपला आपण जगतो नाहीतर मरतो. शेवाळ मात्र मालकाच्या प्रत्येक चुकीवर पोसलं जातं. नव्या टाकीला ते येणारच. आधी तपकिरी भुकटी बसते, मग हिरवे केस उगवतात, आणि पाण्यात फारच घाण असेल तर लाल साय धरते. सवरी गिऱ्हाइकांना सांगायचा, पोराला दात येताना जुलाब होतात ना, तसं हे. पोर फेकून देत नाही आपण. पण खारी टाकी घेणारा माणूस म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आज पाणी भरलं की उद्या त्याला मासे हवेत, परवा पोवळी, आणि तेरवा पाहुण्यांना जेवायला बोलवायचं असतं. मग हिरवं आलं की दोष टाकीवाल्याच्या पाण्याचा.

सवरीच्या पाण्याला मात्र कोळत्तूरमध्ये मान होता. दुसरे लोक पुड्यातलं मीठ नळाच्या पाण्यात ढवळून समुद्र करायचे. सवरीला ते पटायचं नाही. तो टेम्पोत निळी पिंपं घालून कोवळमला जायचा, कमरेएवढ्या पाण्यात शिरून भरतीचं पाणी भरायचा, आणि दोन दिवस अंधारात निवळू द्यायचा. “सवरीचं पाणी” असं दुकानांतून म्हणत. त्याच्याकडे दुसरं भांडवल नव्हतं.

पेरंबूरच्या अरिवळगन अय्यांनी त्याला फेब्रुवारीत बोलावलं. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, अंगाने काटक, उन्हाळा असो की हिवाळा, अंगात काळा सदरा. त्या भागात त्यांना सगळे ओळखत. देव नाही, भटजी नको, मुहूर्त झूट, हे त्यांनी चाळीस वर्षं चौकाचौकांत उभं राहून सांगितलं होतं. स्वतःचं लग्न त्यांनी आडी महिन्यात, ऐन अशुभ काळात, राहुकाळ बघून लावलं होतं, तेही फक्त दोन हार घालून. घरात एकही देवाची तसबीर नव्हती. आणि ते सगळ्यांना अहो-जाहो करत, भांडी घासणाऱ्या अंजलैलासुद्धा. सवरी खिस्ताव माणूस, गळ्यात वेळांकण्णी मातेचा बिल्ला, पण ह्या एका गोष्टीमुळे त्याला अय्या पहिल्याच भेटीत आवडले.

टाकी हवी होती त्यांच्या बायकोसाठी. पूंगोदै टीचर मुलींच्या कॉलेजात तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या. पोवळ्याचा धडा दरवर्षी असायचा, आणि दरवर्षी त्या पोरींना पांढऱ्या मेलेल्या फांद्या आणि बाटलीतला एक करडा तुकडा दाखवायच्या. स्वतः मात्र कधी गुडघ्याच्या वर समुद्रात शिरल्या नाहीत, पाण्याची भीती. आता पोटात गाठ होती. औषधं झाली, सुया झाल्या, आणि इस्पितळाने आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. काय हवं, असं अय्यांनी विचारल्यावर टीचरनी सांगितलं होतं, उघडलेलं पोवळं बघायचंय. जिवंत.

“अय्या,” सवरी म्हणाला, “टाकी बसायला पाच महिने लागतात. त्याच्या आत पोवळं घातलं तर मरतं.”

“डॉक्टरांनी मला सहा सांगितलेत,” अय्या म्हणाले.

सवरीने मनात दिवस मोजले आणि दुसऱ्याच दिवशी कोवळम गाठलं.

टाकी दिवाणखान्यात अशी मांडली की आतल्या खोलीतल्या पलंगावरून दिसावी. सवरी बुधवारी आणि शनिवारी यायचा. पंधराव्या दिवशी वाळूवर तपकिरी भुकटी बसली. अय्या घाबरले. टीचर आतून म्हणाल्या, घाबरू नका, ह्यांना मी ओळखते, एकेकाची शिंपली काचेची असते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंत तर पायातला दागिना म्हणाल. सवरीला ही बाई तेव्हाच कळली. मग महिन्याभराने हिरवे केस आले, खडकांवर बोटभर लांब. सवरी खांद्यापर्यंत हात बुडवून ते उपटायचा, आणि टीचर उशीवरून बघत राहायच्या.

“सवरी, न्याय बघ,” एकदा त्या म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचं फडकं काढून गुळगुळीत डोकं दाखवलं. “माझे गेले ते सगळे तिकडे उगवले.”

सवरीला हसावं की मान खाली घालावी कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

तिसऱ्या महिन्यात हिरवं हटलं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी पुरेशा झाल्या, पाणी काचेसारखं झालं, चाचणीच्या नळीतला निळा रंग फिका पडत पडत गेला. अजून दोन महिने थांबायला हवं होतं, पण टीचर आता उठून बसताना दोन्ही हातांनी पलंग धरायच्या. सवरीने जोखीम घेतली. आपल्या समुद्रातलं पोवळं तोडणं गुन्हा. त्याने ओळखीच्या दुकानातून परदेशातल्या शेतात वाढवलेली तीन पोवळी निवडली. एक फांद्यांचं, एक मऊ छत्रीसारखं, आणि एका दगडावर चिकटलेली बटणाएवढी, गुलाबी कडांची जिवंत फुलं. तिन्ही मिटलेलीच राहिली. नव्या घरात आलेली पोवळी आठवडाभर मिटतातच, त्याने टीचरना सांगितलं. टीचर म्हणाल्या, मीसुद्धा सासरी आल्यावर आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं, नंतर मिटलं नाही.

आठवड्याने उघडली असती. पण बुधवारी सवरी आला तर पाणी दुधट झालेलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. शनिवारपर्यंत पाणी निवळलं, आणि वाळूवर लाल साय दिसली, बारीक बुडबुडे धरलेली. त्याने ती नळीने ओढून काढली. पुढच्या बुधवारी पाणी पुन्हा दुधट. शनिवारी साय दुप्पट. फेस काढणारं यंत्र भरून वाहत होतं आणि त्या फेसाला ताडीसारखा आंबूस वास होता. सवरीने पंधरा वर्षांत शंभर टाक्या लाल झालेल्या पाहिल्या होत्या, पण बुधवार पाळणारी टाकी पाहिली नव्हती.

त्याने पाणी बदललं, खाणं निम्म्यावर आणलं, दिवे तीन दिवस बंद ठेवले. पालथ्या घड्यावर पाणी. फांद्यांच्या पोवळ्याचं कातडं एका बाजूने सुटून लोंबायला लागलं. अय्या रोज चाचण्या करून कागदावर आकडे लिहीत आणि सवरीसमोर धरत. एका शनिवारी त्यांचा तोल गेला. कोवळमला नाल्याचं पाणी समुद्रात सोडतात, हे मी वाचलंय, तू भरतोस ते पाणीच घाण आहे, तुझ्या गावंढळ हट्टापायी ती टाकी मरते आहे, असं ते बोलले. चाळीस वर्षांत त्यांनी कुणा कामकऱ्याला ‘तू’ म्हटलं नसेल. सवरीला पाण्यावरच्या आरोपापेक्षा तेच जास्त लागलं.

त्या रागातच त्याने टाकीभोवती नीट पाहिलं, आणि त्याला मुंग्या दिसल्या. टाकीखालच्या लाकडी कपाटाच्या कडेने वर चढणारी, झाकणाच्या फटीपाशी गोळा झालेली, लाल मुंग्यांची रांग. खाऱ्या टाकीपाशी मुंगीचं काय काम? कुणीतरी गोड घालत होतं.

घरात बाहेरचं असं एकच माणूस होतं. सवरीने अंजलैला स्वयंपाकघरातून बोलावलं आणि अय्यांच्या देखत विचारलं, पोरांच्या खाऊतलं टाकीत टाकतेस का, गोड पोंगल टाकतेस का, खरं सांग. ती आधी समजलीच नाही. मग तिने पोराच्या डोक्याची शपथ घेतली. मी टीचरम्मांची लघवी काढते, त्यांना न्हाऊ घालते, आणि मी त्यांची टाकी मारीन? सवरी आवाज चढवत गेला. अय्या खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही, एक शब्द काढला नाही. अंजलैने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, पदराला हात पुसले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी सवरी वाट वाकडी करून पेरंबूरला गेला. ताजं पाणी आणलं होतं आणि म्हटलं बुधवारपर्यंत कशाला थांबा. दुपारचे तीन. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने चपला काढल्या आणि आत पाऊल टाकणार तोच थांबला.

अय्या टाकीपाशी पाठमोरे उभे होते. काळ्या सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली. मूठ पाण्यात. त्या मुठीतून तपकिरी धार सुटत होती आणि पोवळ्यांवरून वळत खाली बसत होती. ते नामजप करत नव्हते, डोळेही मिटले नव्हते. नुसती मूठ धरून होते. खडा विरला तशी त्यांनी मूठ उघडली, तळहात पाण्यात दोनदा हलवला, आणि कपाटावरच्या कागदातून दुसरा खडा घेतला.

सवरीला कळायला वेळ लागला नाही. तमिळ मुलखात राहून हे न कळणारा माणूस नाही. अंगावर फोड आला, गाठ आली, की बायका मंगळवारी वैदीश्वरन कोविलच्या देवळातल्या तळ्यावर जाऊन गूळ विरघळवतात. गूळ विरला तशी गाठ विरावी. सवरीच्या शेजारणीने केलं होतं, खिस्ताव असून सवरीच्या आईनेही एकदा गुपचूप केलं होतं. पण अरिवळगन अय्या कुठल्या तळ्यावर जाणार? पेरंबूरपासून तंजावूरपर्यंत कुठल्या ना कुठल्या सभेत त्यांना पाहिलेलं माणूस भेटलंच असतं. त्यांच्या आवाक्यातलं पाणी एवढं एकच होतं, बायकोसाठी आणलेलं.

सवरी चपला हातात घेऊन जिना उतरला. खाली येऊन तो टेम्पोच्या पायरीवर बसला आणि त्याला रडू आलं. थोडं अय्यांसाठी, बरंचसं अंजलैसाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि दोर सवरीने आणून दिला होता.

बुधवारी अय्या औषधं आणायला खाली गेल्यावर तो आतल्या खोलीत गेला. टीचरना सांगायचंच, असं ठरवून गेला होता. त्या सांगतील आणि अय्या थांबतील. अजून बटणांचा दगड आणि छत्री जिवंत होती. तीन आठवडे स्वच्छ पाणी मिळालं तर उघडतील. त्याने सुरुवात केली, टीचर, ते पाणी का बिघडतंय ते मला कळलंय.

“मलाही,” टीचर म्हणाल्या. त्यांनी हनुवटीने कपाटाच्या आरशाकडे दाखवलं. मधलं दार अर्धं लोटलं तरी पलंगावरून त्या आरशात अख्खी टाकी दिसत होती. “चार मंगळवार झाले.”

सवरीने वळून आरशात पाहिलं.

“पहिल्या मंगळवारी मला वाटलं, हा माणूस खुळावला. मग संध्याकाळी येऊन बसला आणि म्हणाला, दुखतं का गं कमी? असा कधी बसत नाही तो. मी म्हटलं, हो, थोडं कमी आहे. दोन इडल्या खाऊन दाखवल्या. ओकले नंतर, तो झोपल्यावर.” त्यांना दम लागला. “म्हणजे पुढचा गूळ मीच घालायला लावला, सवरी.”

“मी त्यांना सांगतो, टीचर. लाजवणार नाही. नुसतं म्हणेन की गोडाने शेवाळ येतं.”

“नाही सांगायचं.”

“पोवळी मरतील.”

“मरू देत.”

“तुम्हाला बघायची होती.”

“होती.” टीचरनी आरशातल्या टाकीकडे पाहिलं. “तू आज त्याला थांबवलंस, तर पुढच्या मंगळवारी तो काय करेल? आयुष्यभर सगळ्या दुनियेला सांगत आलाय की ह्याने काही होत नाही. त्याच्याकडे आता दुसरं काही उरलेलं नाही रे. आणि तुला कळलंय हे त्याला कळलं, तर तो माझ्याआधी जाईल.”

मग टीचरनी त्याला एकच दुसरं काम सांगितलं. अंजलैला परत आण, दुसऱ्या कुणाच्या हातचं पुसणं मला नको वाटतं.

अंजलै रेल्वे फाटकापलीकडे राहायची. तो दारात उभा राहून म्हणाला, चूक माझी होती, मुंग्या वेगळ्याच कशाने आल्या. कशाने, तिने विचारलं. ते त्याला सांगता येईना. ती म्हणाली, मुंग्यांना तरी विचारायचं होतंस, मला विचारण्याआधी, मुंग्यांना शपथ घ्यायला पोरं नसतात. मग आणखी बरंच बोलली. त्याने सगळं ऐकून घेतलं, चांगला कान तिच्याकडे करून. दुसऱ्या सकाळी ती कामावर आली. अय्यांशी ती पुढे कधी बोलली नाही.

मग सवरीने आपलं एक तंत्र लावलं. बुधवार उजाडला की तो निवळलेल्या पाण्याची पिंपं जिन्याने चढवायचा आणि निम्मी टाकी उपसून नवी भरायचा. मंगळवारी अय्या गोड करायचे, बुधवारी सवरी खारं. मे महिना होता, अग्निनक्षत्राचं ऊन, पिंपं उचलून त्याचे खांदे सोलले. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या फेऱ्या चुकायला लागल्या. अय्या नुसते बघायचे आणि कागदावर आकडे लिहायचे. ज्या हाताने गूळ घातला त्याच हाताने ते चाचणीचे थेंब मोजत, आणि आकडा वाढलेला दिसला की खरोखर चिडत. सवरीला आधी वाटलं, नाटक आहे. पण ते नाटक नव्हतं. त्यांनी मनात मधे भिंत घातली होती, आणि एका बाजूच्या अरिवळगनला दुसऱ्या बाजूचा ठाऊक नव्हता. असली भिंत प्रत्येकाकडे असते. सवरी स्वतः बुडी मारण्याआधी पाण्याला शिवी द्यायचा आणि वर आल्यावर क्रूसाची खूण करायचा.

लाल साय जिंकली. फांद्यांचं पोवळं पांढरं पडलं, टीचर तीस वर्षं वर्गात दाखवायच्या तसं. छत्री सडली आणि एका सकाळी पाण्यात तिचे तुकडे फिरत होते. मासे त्याने आधीच दुसऱ्याच्या टाकीत हलवले होते. शेवटी बटणांचा दगड उरला, मिटलेला, सायीने अर्धा झाकलेला. तो सवरीने ओल्या फडक्यात गुंडाळून काशिमेडूला घरी नेला. अय्यांना सांगितलं, मेला.

घरी जसिंताची कपडे भिजवायची बादली गेली. त्यात कोवळमचं पाणी, हवा सोडणारं यंत्र, वर एक दिवा. जसिंता म्हणाली, घरात पाय ठेवायला जागा नाही आणि हा दगडाचं बाळंतपण करतोय. सवरी रोज जुन्या दात घासायच्या ब्रशने एकेक बटण पुसायचा. नवव्या दिवशी दुपारी बादलीत डोकावला, तर कडेची दोन उघडली होती. दुसऱ्या दिवशी सात. गुलाबी कड, आत हिरवं, मध्ये इवलंसं तोंड. जसिंताही बघत बसली, आणि तिनेच सांगितलं, घेऊन जा, आजच जा.

त्याने दगड काचेच्या बरणीत ठेवला, बरणी मांडीत धरली आणि रिक्षाने पेरंबूर गाठलं. रिक्षा खड्ड्यांतून आदळत होती. पोचेपर्यंत सगळी मिटली होती. तसं होणारच होतं, त्याला ठाऊक होतं, हलवलं की मिटतात, तासाभराने उघडतात. अय्या रेशनच्या रांगेत होते. अंजलैने खिडकीचं दार उघडून ऊन बरणीवर येईल असं केलं. टीचरना आता मॉर्फिन चालू होतं. त्यांनी डोळे उघडले, बरणी पाहिली, सवरीला पाहिलं.

“हे कुठून आणलंस?”

“घरी उघडलं होतं, टीचर. सात फुलं. थोडं थांबा. शांत झालं की उघडेल.”

त्या थांबल्या. सवरी जमिनीवर बसला, अंजलै दारात. तास गेला. बरणीत काहीही हललं नाही. टीचरच्या पापण्या मिटत, त्या जोर लावून उघडत, बरणीकडे बघत, पुन्हा मिटत. मधेच म्हणाल्या, लाजतंय. नंतर खूप वेळाने म्हणाल्या, बस झालं सवरी, तू थकलास, आणि झोपल्या. सवरी आणखी तासभर बसून होता. ऊन बरणीवरून सरकून भिंतीवर गेलं. जिन्यावर अय्यांची पावलं वाजली तसं त्याने बरणीवर फडकं टाकलं आणि मागच्या दाराने निघाला. गल्लीच्या टोकाशी त्याने फडकं वर करून पाहिलं. कडेचं एक अर्धं उघडलेलं होतं.

पूंगोदै टीचर त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेल्या. रडणाऱ्या बायका नव्हत्या, ताशा नव्हता, विधी नव्हता. काळे सदरे घातलेली चाळीसेक माणसं आली, दोघेतिघे चार शब्द बोलले, आणि देह मेडिकल कॉलेजला दिला. अय्या सगळ्यांशी नीट बोलत होते. सवरी भिंतीशी उभा राहिला आणि हात खिशात घालून त्याने जपमाळेचे मणी ओढले, कुणाला दिसू न देता.

पंधरा दिवसांनी अय्यांनी टाकी काढायला बोलावलं. पाणी पातळी सोडून खाली गेलेलं, काचेवर लाल पापुद्रा वाळलेला, वास इतका की अंजलैने नाकाला पदर लावला होता. सवरीने बादल्या मांडल्या, नळी पाण्यात सोडली. अय्या खुर्ची ओढून जवळ बसले. ते आठवडाभर झोपले नसावेत. पहिली बादली भरली तशी सवरीने नळी दुसरीत घातली.

“सवरी,” ते म्हणाले, “तिने तुम्हाला कधी विचारलं होतं का? टाकी का बिघडली म्हणून?”

सवरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि मूठ घट्ट आवळलेली होती. पलीकडे अंजलै केर काढायची थांबली. सवरीला कळत होतं की हा माणूस शेवाळाबद्दल विचारत नाही. आणि हेही कळत होतं की उत्तर ह्या खोलीत राहणार नाही. अय्या खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. कुणी विचारलं, टाकीचं काय झालं, तर ते जे ऐकलं ते सरळ सांगणार, चौकात सांगणार, दुकानात सांगणार. कोळत्तूरला पोचायला चार दिवस पुरले असते, आणि मग सवरीच्या पिंपांना दार उघडायला कुणी आलं नसतं.

“विचारलं होतं, अय्या,” तो म्हणाला. “मी खरं ते सांगून टाकलं. पाणी माझंच खराब निघालं. कोवळमला नाला आहे.”

“आणि ती काय म्हणाली?”

“म्हणाल्या, तुझ्या अय्यांनी पहिल्यापासून सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस.”

अय्यांची मूठ सुटली. ते मागे टेकले, तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. अंजलैने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि घसा साफ केला.

“मी सांगितलं होतं तुम्हाला,” ते म्हणाले. “तुमचंच पाणी होतं ते.”

“हो, अय्या,” सवरी म्हणाला, आणि भरलेली बादली उचलून मोरीत ओतायला गेला.